सुटीचा दिवस साऱ्या घराचा

आमच्या वाचकांची घरे बहुतांशी खेड्यांत आहेत. परंतु ज्या खेड्यातील एखादा मुलगा, जावई किंवा चुलतभाऊ पोटापाण्यासाठी शहरात गेलेला नाही, असे खेडे आता विरळाच. खानदेशातील गावांपुरते बोलावयाचे तर हे शहर म्हणजे पुष्कळदा सुरत, आणि सुरतेतही उधना. जळगाव, अमळनेर, नंदुरबार मागे टाकीत तापीच्या खोऱ्यातून येणारा रेल्वेमार्ग उधन्याला मुंबईच्या मार्गास मिळतो. तेथे उतरून कित्येक कुटुंबांनी यंत्रमागांच्या आणि रंगाईच्या कारखान्यांत आपले नशीब अजमाविले. आज उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत अशा गल्ल्या आहेत, की तेथे उभे राहिले असता आपण गुजरातेत आहो की खानदेशात, असा क्षणभर संभ्रम पडावा.

या कुटुंबांचे आयुष्य मागाच्या तालावर चालते. यंत्रमागाच्या कारखान्यांत बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांची रीत आहे. बाप रात्रपाळीहून येतो तेव्हा मुले शाळेला निघालेली असतात. मुले परततात तेव्हा तो पुन्हा निघण्याच्या तयारीत असतो. अशा घराला आठवड्यातून एक दिवस सुटीचा मिळतो. तो कसा घालवावा, याचा विचार आज आम्ही वाचकांसमवेत करणार आहोत. ज्यांची घरे खेड्यातच आहेत त्यांनाही यातील बरेचसे उपयोगी पडेल, असा आम्हांस भरवसा वाटतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. आठवड्याची सुटी ही कोणी सहज हाती ठेविलेली नाही. ती मागून मिळवावी लागली आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांतील मजुरांना पूर्वी ठरलेली अशी सुटी नव्हती. महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत मजुरांची प्रचंड सभा भरली. सुमारे दहा हजार मजूर जमले होते, आणि त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ज्या मजुरांनी हा दिवस मिळविला ते आपल्याच मुलखातून पोटासाठी बाहेर पडलेले होते, हे आपण विसरता कामा नये.

त्या सभेत बोलावयास उभ्या राहिलेल्या दोघी जणी आम्हांस वारंवार आठवतात. कारण आज सुटीच्या दिवशी घरातील सर्वांना विसावा मिळतो. मिळत नाही तो एका व्यक्तीला, घरच्या बाईला. उलट त्या दिवशी तिचे काम दुणावते. आठवड्याचे धुणे त्याच दिवशी, पाहुणे त्याच दिवशी, आणि ‘आज जरा चांगलेचुंगले कर’ हा आग्रहही त्याच दिवशी. भारत सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि जे थोडे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ९७ मिनिटे, असे तीत आढळले. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास! शास्त्रात विसाव्याच्या दिवसाची जी आज्ञा आहे, तीत मुलगा, मुलगी, दास, दासी, इतकेच नव्हे तर बैलाचाही उल्लेख आहे. बैलाला विसावा आणि मुलांच्या आईला नाही, असे होणे बरे नव्हे.

म्हणून सुटीचा पहिला उपक्रम आम्ही सुचवितो तो असा : कामाची वाटणी शनिवारी रात्रीच करावी. धुणे दोन दिवसांत विभागावे. पाणी भरणे मोठ्या मुलाकडे, केर काढणे धाकट्याकडे द्यावे. दुपारचे जेवण एकाच भांड्यात होणारे असावे. डाळ-तांदळाची खिचडी, तिच्यावर कच्चे तेल आणि जोडीला पापड, एवढ्यावर खानदेशी माणूस तृप्त होतो. ती खिचडी बापाने आणि मुलांनी शिजवावी. पहिल्या दिवशी मीठ कमीजास्त होईल, होऊ द्यावे. भांडीही जेवणाऱ्यांनीच घासावीत. ही कामे गमतीने झाली तर मुलांना तोही एक खेळच वाटतो, आणि दुपारचे दोन तास आईच्या पदरात पडतात. त्या दोन तासांत तिने काय करावे, हे मात्र कोणी तिला सांगू नये.

जो रात्रपाळी करून आला असेल त्याला दुपारपर्यंत स्वस्थ झोपू द्यावे. झोपेविना केलेली करमणूक ही करमणूक नव्हे. तोपर्यंत मुलांनी घरात काय करावे? उधन्याच्या घरांत चिंध्यांना आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांना तोटा नाही. नळ्यांची आगगाडी होते, दुर्बीण होते, पेनपेन्सिलींचे घर होते. चिंध्यांची गोधडी होते; आजी किंवा मावशी आली असेल तर तिच्याकडून धावदोरा शिकून घ्यावा. एक सूचना मात्र करून ठेवतो. सुरतेचे कापड पुष्कळसे कृत्रिम धाग्याचे असते. ते घाम टिपीत नाही आणि विस्तवाजवळ वितळून अंगाला चिकटते. म्हणून वरची नक्षी त्याची करावी, पण अंगाला लागणारे अस्तर जुन्या सुती लुगड्याचेच घालावे, आणि अशी गोधडी चुलीपासून दूर ठेवावी.

दुसरा घरगुती उद्योग भाषेचा. सुरतेची महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते. तथापि गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारी मराठी मुलेही थोडी नाहीत. त्यांना आजोबांशी बोलता येते, पण आजोबांच्या घरचे पुस्तक वाचता येत नाही. यावर खेळातून उपाय करता येतो. मराठी शब्द लिहून त्याची शिरोरेषा पुसून टाकावी आणि गुजराती अक्षराशी ताडून पाहावे. ग, म, न, प, त, र ही अक्षरे लगेच ओळखू येतात. क, ख, ज, ब, ल ही मात्र वेगळी निघतात. दर सुटीला पाच पाच अक्षरांची अशी जोडणी केली तर दोन महिन्यांत मूल मराठी वाचू लागेल. पुढे गावी दूरध्वनी करून आजीला एक ओवी, एक म्हण किंवा एखाद्या पदार्थाची कृती विचारावी आणि मुलाने ती वहीत लिहून घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांना १९९४ सालचा सुरतेचा प्लेग आणि २००६ सालचा तापीचा महापूर आठवत असेल. त्या दिवसांत आपल्या घरावर काय गुदरले, शेजारी कोण धावून आले, हे त्यांच्याच तोंडून वहीत उतरून ठेवावे. अशी वही पैशाने मिळत नाही.

आता बागेविषयी. ‘चाळीतल्या एका खोलीत कसली आली बाग?’ असे कोणी म्हणेल. परंतु जेथे तीन-चार तास ऊन येते असा गॅलरीचा कठडा किंवा घरमालकाने परवानगी दिलेली गच्चीची कड एवढी जागा पुरे. तेलाचा रिकामा डबा घ्यावा, बुडाला पाच-सहा भोके पाडावीत, त्यांवर खापऱ्या ठेवाव्यात. दोन वाटे माती, एक वाटा कुजलेले शेणखत आणि एक वाटा रेती असे मिश्रण भरावे. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत अंकुर दिसतात आणि महिनाभरात भाजी खुडावयास येते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत. त्या आठ-दहा दिवस वाट पाहावयास लावतात, तेव्हा मुलांनी माती उकरून पाहू नये. पुदिन्याची काडी आणि गवती चहाचा ठोंब तर फारशी मशागत न मागता जगतात. कठड्यावरून दोरी बांधली तर गिलक्याचा वेलही चढतो.

येथे एक धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. रंगाईच्या कारखान्यांतून रसायनांचे रिकामे डबे आणि पिंपे स्वस्तात मिळतात. ती कितीही धुतली तरी खाण्याच्या भाजीसाठी वापरू नयेत, त्यांत पिण्याचे पाणी तर मुळीच साठवू नये. खेड्यातील वाचकांना ही अडचण नाही. त्यांनी न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ लावण्याची जुनी चाल सोडू नये, एवढेच आमचे सांगणे.

उन्हे कलली की घराबाहेर पडावे. फार दूर जावयास नको. नदीकाठी जावे आणि मुलांना सांगावे की ही तापी. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईपाशी ती उगम पावते, भुसावळजवळून जाते, नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशे गावाला स्पर्श करते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. ‘आपण गाव सोडून आलो’ असे मुलांना वाटत असते. गावाकडची नदी आपल्या मागोमाग येथवर आली आहे, हे कळले म्हणजे त्यांना नवलही वाटते आणि बरेही वाटते.

याच नदीच्या काठी चौकबाजाराजवळ सुरतेचा किल्ला आहे. सोळाव्या शतकात खुदावंतखानाने तो बांधविला. अलीकडे महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून तेथे संग्रहालय मांडले आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांची स्वारी सुरतेवर आली तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. त्या स्वारीची एक हकीकत बर्नियर नामक फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेविली आहे. शहरात कॅपुचिन संघाचे फादर अँब्रोज यांचे निवासस्थान होते. हे पाद्री भले लोक आहेत, यांना उपद्रव देऊ नये, असे सांगून महाराजांनी त्या घराला अभय दिले. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती मुलाला ही हकीकत सुरतेच्या तटाखाली उभे राहून ऐकावयास मिळावी, याहून चांगला इतिहासाचा धडा आम्हांस तरी सुचत नाही.

महिन्यातून एखाद्या सुटीला थोडे लांब जावे. तापीकाठचे सरथाण्याचे प्राणिसंग्रहालय मुलांच्या आवडीचे आहे; निघण्यापूर्वी त्याचा बंद राहण्याचा वार मात्र विचारून घ्यावा. डुमसचा समुद्रकिनारा आपल्या काळ्या रेतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे जावे, रेतीत किल्ले बांधावेत, घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खावी; भजी विकत घ्यावीत तर थोडी. पण पाण्यात उतरू नये. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी भारतातील सर्वांत मोठ्यांपैकी आहे. पाणी जितके दूर दिसते तितक्याच झपाट्याने ते पायांपाशी येते. विहिरीत आणि धरणात पोहणारी आपली मुले समुद्राला फसतात. ज्यांना दिवसभराची सवड असेल त्यांनी उधन्याहून गाडीने नवसारीला जावे आणि तेथून दांडी गाठावी. महात्मा गांधींनी ६ एप्रिल १९३० रोजी मूठभर मीठ उचलले ते तेथेच. २०१९ पासून तेथे स्मारक उभे आहे. पदयात्रींचे पुतळे पाहून मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात.

थंडीत सुरतेला पोंक मिळतो. हा कोवळ्या ज्वारीचा भाजलेला दाणा म्हणजे आपल्या शेतातला हुरडाच! पावशेर आणून चौघांनी वाटून खावा. गावाकडचे शेत आठवते. संक्रांतीच्या सुमारास सारी सुरत पतंगांसाठी गच्चीवर असते. मुलांनी जरूर पतंग उडवावेत, परंतु नायलॉनचा मांजा घेऊ नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, ती त्याने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात म्हणून.

या सर्व सूचना एकाच सुटीत पार पाडावयाच्या नाहीत. दर आठवड्याला घरात एक, कुंडीत एक आणि बाहेर एक, इतके पुरे; आणि एखाद्या आठवड्यात सर्वांनी नुसते पाय पसरून गप्पा मारल्या तरी तो दिवस फुकट गेला असे समजू नये. आमची एकच कसोटी आहे. रात्री दिवा मालविताना घरातील प्रत्येकाने स्वतःला विचारावे : आज मला विसावा मिळाला काय? सर्वांचे उत्तर ‘होय’ असे आले, तर सुटी सार्थकी लागली. एकाचेही ‘नाही’ असे आले, तर पुढच्या आठवड्याच्या बेताला त्याच्यापासून सुरुवात करावी. आणि पहिल्यांदा विचारावे ते आईला.