धुराड्यातून जाणारे पैसे

गॅस टर्बाइन हे मुळातच उधळ्या स्वभावाचं यंत्र. शंभर रुपयांच्या गॅसपैकी तीसेक रुपयांच्या उष्णतेचीच वीज होते. उरलेली बहुतेक उष्णता ५०० अंशांच्या आसपास तापलेल्या धुरातून आकाशात! त्या धुराच्या वाटेवर बॉयलर बसवला, की जास्तीचा गॅस न जाळता वाफ मिळते. जुन्या टर्बाइनला तो मागाहून बसवावा का, यावर कारखान्यांत बैठका होतात, चहा-बिस्किटं होतात आणि शेवटी एकच प्रश्न येतो, "पैसे किती वर्षांत वसूल?" चार म्हटलं की फाइल बंद. दोनच्या वर आम्ही जात नाही म्हणे.

माझं भांडण या 'दोन वर्षां'शी आहे.

समजा, बॉयलरला १० कोटी लागले, वर्षाला अडीच कोटींचं इंधन वाचलं आणि तो १५ वर्षं टिकला. चार वर्षांत वसुली, म्हणजेच वर्षाला साधारण २४ टक्के परतावा. कुठली बँक देते हो एवढे? हेच साहेब नवीन उत्पादनासाठी सहा-सात वर्षं थांबायला तयार असतात. तिथे विक्री वाढते, फीत कापता येते. बचतीची फीत कोण कापणार?

आता आमच्या उरणचं बघा. तिथल्या वीजकेंद्रात १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइन १९८५-८६ मध्ये आली. त्यांच्या धुरावर चालणारे १२० मेगावॅटचे दोन वाफेचे संच आले १९९४ मध्ये. म्हणजे ४३२ मेगावॅटच्या धुरात २४० मेगावॅट दडले होते. निम्म्याहून जास्त! आठेक वर्षं ते वाऱ्यावर गेले. त्या वर्षांचा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. हीच तर गोम आहे. खर्चाचं बिल येतं, वाया गेलेल्या उष्णतेचं येत नाही.

अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. बॉयलरमुळे धुराला अडथळा होऊन टर्बाइनची वीज किंचित घटते. जागा लागते, शुद्ध पाणी लागतं, जोडणीसाठी यंत्र बंद ठेवावं लागतं. आणि सर्वांत महत्त्वाचे चालण्याचे तास. वरचा हिशेब वर्षाला ८००० तासांचा धरला, तर ४००० तासांत वसुलीला आठ वर्षं लागतील. टर्बाइन फक्त अडीअडचणीला चालत असेल तर खुशाल नाही म्हणा. पण ज्या कारखान्याला दिवसरात्र वाफ हवीच आहे, तो शेजारी दुसरा बॉयलर गॅसवर पेटवतो तेव्हा मात्र डोकं फिरतं. तिथे वाफेचं टर्बाइनही नको, नुसती वाफ वापरा!

"पण गॅसच मिळत नाही," असंही ऐकू येतं. अहो, म्हणूनच तर! उरणच्याच आकड्यांनी, ज्या गॅसवर दोन टर्बाइन २१६ मेगावॅट देतात, त्याच गॅसवर धुरासकट ३३६ मिळतात. ज्याच्याकडे गॅस मुबलक आहे त्याने उधळला तर एकवेळ समजू शकतं. ज्याला तो मोजून मिळतो, महाग मिळतो, त्याने धुराड्यातून सोडावा?

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी कुणी अशा बैठकीत बसत असेल तर किती वर्षांत वसूल एवढंच विचारू नका. दर वर्षी किती जातंय, तेही विचारा. आणि ते उत्तर फाइलवर लिहून घ्या.