भिंत का पडली, हे विचारू द्या

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. नंतर तो तिसऱ्यात गेला. हजारो माणसं मेल्यावर पुस्तकातलं उत्तर बदललं.

तरी आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत अजून उत्तर आधी, प्रयोग नंतर! मी शिकलो तिथे रीडिंग वेगळं आलं की सर म्हणायचे, "खोडा." वेगळं का आलं, हे विचारायची सोयच नव्हती.

सिव्हिलच्या पोरांना जुन्या किल्लारीत न्या आणि एकच प्रश्न द्या: दगडी वाडे कोसळले, कुडाच्या झोपड्या तगल्या, ते का? पोरं म्हाताऱ्या गवंड्यांना गाठतील, छोटी भिंत रचून हलवून बघतील. मग त्यांचं त्यांनाच सापडेल: जाड भिंतीत आत-बाहेर दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि खडे, दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही, वर माळवदाचं ओझं. गाईडमधून हे पाठ होतं, पण परीक्षेपुरतंच. सिलॅबस संपणार नाही म्हणता? दोन युनिट कमी करा.

आपल्यातले काही म्हणतील, अल्लाहची मर्जी. भूकंप असेल, भिंत आपण बांधली होती. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे इब्न अल-हैथमने अंधाऱ्या खोलीत छिद्रातून उजेड घेऊन तपासलं. जुन्यांनी लिहिलंय म्हणून मानलं नाही. तकरिरीत त्याचं नाव अभिमानाने घेणाऱ्यांनी, वर्गात "का?" विचारणाऱ्या आपल्या पोरीला "जास्त बोलू नको" म्हणणं आधी बंद करावं.