भक्तिगीतांची ध्वनिमुद्रिका आणि मंडळीचा कंठ

भक्तिगीतांची नवी ध्वनिमुद्रिका आली की आपण तिचे आनंदाने स्वागत करतो. पूर्वी कॅसेट येई, मग सीडी आली. आता गीत थेट भ्रमणध्वनीवर पोहोचते. परंतु ते गीत मंदिरातील मंडळीच्या कंठात उतरते का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. बल्लारपूर येथे पीठ असलेल्या चांदा धर्मप्रांतापुढे तो विशेषत्वाने उभा आहे.

सन १९६२ मध्ये चांदा परिसरातील सेवाकार्य सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या सीएमआय संघाकडे सोपविण्यात आले. १९७७ साली या प्रदेशास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा लाभला. योगायोग असा की, १९६२ मध्येच केरळात कुर्बाना सुरियानीऐवजी मल्याळम भाषेत होऊ लागला. भाविकांना अर्थ उमगला, हा मोठाच लाभ झाला. मात्र शतकानुशतके गायिली गेलेली सुरियानी गीते त्यानंतर हळूहळू मागे पडली.

या गीतांच्या जतनासाठी झटणारे सीएमआय संघाचे धर्मगुरू व संगीत-अभ्यासक फादर जोसेफ पालक्कल यांची ‘कंबेल मारान’ ही ध्वनिमुद्रिका २००२ साली नेदरलँड्समधील एका संस्थेने प्रकाशित केली. शीर्षकाचा अर्थ ‘हे आमच्या प्रभो, स्वीकार कर’ असा. लोकांच्या ओठांवरून निसटत चाललेला ठेवा त्यातून जगापुढे आला. पण ध्वनिमुद्रणाची मर्यादाही येथेच दिसते. तबकडी स्वर जपते; परंपरा मात्र गाणाऱ्यांच्या कंठातच जगते.

आपल्या भागासाठी यातून काय बोध घ्यावा? मराठी ख्रिस्ती गायनाची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) प्रोटेस्टंट पंथाचे. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन या रूपांतून ख्रिस्तभक्ती मराठी मनापर्यंत नेली. दोघांनीही लोकांना आधीच पाठ असलेला छंद निवडला, म्हणून शब्द नवे असूनही गाणाऱ्यांना परके वाटले नाहीत.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीला आपला स्वतंत्र ठेका आहे. येथे दंडार आहे, वडशाभोवती बहरलेली नाट्यपरंपरा आहे आणि गोंडी-माडिया समाजाची, पावलांच्या तालावर समूहाने गायिली जाणारी रेला गीते आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला यथोचित मान देण्यास स्पष्टपणे सांगितले आहे. तथापि मान देणे म्हणजे चाल उचलून तीवर आपले शब्द बसविणे नव्हे. कोणते गीत लग्नाचे, कोणते देवकार्याचे, कोणते शोकाचे, हे त्या समाजातील वडीलधाऱ्यांना विचारल्याविना ती चाल घेणे हा त्यांच्या श्रद्धेचा अवमान ठरेल. गीताची रचनाही शक्यतो त्यांच्याच मुलामुलींच्या हातून व्हावी.

दुसरा धोका घरातला आहे. कीबोर्डवरील तयार संगीत आणि ध्वनिवर्धकावरील दोन-चार आवाज यांच्यापुढे मंडळी मूक होत जाते. भाविकांनी उपासनेत सक्रिय सहभाग घ्यावा, ही त्याच विश्वपरिषदेची अपेक्षा; सुंदर ध्वनिमुद्रिकेमुळेच ती नकळत बाजूला पडावी, हे दुर्दैव होय.

म्हणून नव्या ध्वनिमुद्रिकेची कसोटी साधी असावी. वाद्ये बंद केल्यावर ते गीत उभे राहते का? वाचता न येणारी आजी ते दोन-तीन रविवारांत उचलते का? तिच्या बोलीतील शब्द त्यात आहेत का? उत्तर होकारार्थी असेल, तर ती ध्वनिमुद्रिका जरूर घ्यावी, घरोघरी ऐकावी. आणि रविवारी मंदिरात ती बंद ठेवून आपण सर्वांनी गावे.