पाकीट चकचकीत, पीठ कडू! शिरूर-दौंडच्या बचत गटांचा पैसा नेमका कुठे अडकतो?

शिरूर/दौंड : भीमेच्या एका काठाला शिरूर, दुसऱ्या काठाला दौंड. इकडे रांजणगाव एमआयडीसी, तिकडे कुरकुंभ. बाहेरगावच्या कामगारांना गिरणीत दळण टाकायला सवड नसते, त्यांना पाकिटातलं पीठ सोयीचं पडतं. बाजरी, ज्वारी घरची आणि गिऱ्हाईक दारात, त्यामुळे बचत गटांना हा धंदा सोपा वाटतो. पण "पीठ कडू झालं" म्हणून पाकीट परत आलं, की तोटा दुकानदाराचा नसतो, गटातल्या बायांचा असतो.

दोष पाकिटाचा की पिठाचा?

बाजरीत साधारण ५ टक्के तेल असतं, गव्हात त्याच्या निम्म्याहून कमी. बाजरी दळली की दाण्यातलीच विकरं हे तेल फोडायला लागतात. म्हणून गव्हाचं पीठ महिनाभर टिकतं, तर बाजरीचं आठ-दहा दिवसांत कडसर लागतं. उन्हाळ्यात त्याहून लवकर. जाड, हवाबंद पाकीट ओल आणि किडे अडवतं, पण आत सुरू झालेला कडूपणा थांबवत नाही. महागडं पाकीट छापून घेण्याआधी हे समजून घ्यायला हवं.

पीठ राखायचं कसं?

- धान्य खडखडीत वाळवूनच दळावं. गव्हाच्या पिठात १४ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नियमातही बसत नाही.
- गिरणीतून आलेलं गरम पीठ लगेच भरू नये. आत वाफ धरते, गुठळ्या होतात, बुरशी येते. गार करून, चाळून मगच सील करावं.
- खताची रिकामी गोणी पिठाला कधीच वापरू नये. पिकअपमध्ये खत, औषधं, डिझेलचा कॅन शेजारी नको. पीठ वास लगेच धरतं.
- पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवावीत. वाहतुकीत वरून ताडपत्री हवीच.
- बाजरी मागणीपुरतीच, आठवड्याच्या आठवड्याला दळावी.

कागदपत्रांचं काय?

पाकिटावर अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरायचं ते आणि गटाचा पत्ता लागतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या पिठावर तो नाही. मात्र वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकला जात असेल, तर सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नसते.

केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना २०२० मध्ये आली. तिच्यात यंत्रांसाठी बँक कर्जाला जोडून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठरलं. सध्या अर्ज सुरू आहेत का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारावं. पण पॅकिंग मशीन आलं म्हणून बाजरी टिकत नाही.

मोठ्या कंपनीचं पीठ लांबून येतं. शिरूर-दौंडच्या गटाकडे "परवा दळलं, आज दुकानात" ही ताकद आहे. दळल्याची तारीख पाकिटावर ठळक छापली आणि पाळली, तर तीच गटाची खरी जाहिरात ठरेल.