हमीपत्रावरची सही आणि गारठलेली बुद्धी

दिनांक २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, पीत नदीकाठच्या डोंगरांत, शंभर किलोमीटरची शर्यत सुरू झाली. १७२ धावपटू निघाले. त्यांपैकी २१ जण जिवंत परतले नाहीत. दरड कोसळली नव्हती की पूर आला नव्हता. ऐन मे महिन्यात गारा, बर्फाळ पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांच्या माऱ्यात, आखूड चड्डी व पातळ सदरा घालून धावणारी ही माणसे गारठून मेली. लियांग जिंग हा त्या देशातला अग्रगण्य धावपटू त्यांत होता.

अशा वार्ता कानी आल्या की आपल्याकडे दोन उद्गार ठरलेले असतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, 'नसते धाडस करायला सांगितले होते कुणी?' नव्या वळणाची माणसे म्हणतात, 'हमीपत्रावर सही करूनच गेली होती ना? मग जबाबदारी त्यांचीच.' पहिला उद्गार धाडसाचा अपमान करतो; दुसरा त्याहून वाईट, कारण तो शहाणपणाचे सोंग घेतो.

थंडी माणसाला कशी मारते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. धावणारे शरीर स्वतःच भट्टी असते. चढावर दम संपला, वेग मंदावला की ती भट्टी विझू लागते. त्यात कपडे भिजलेले असले आणि वर वारा असला, तर अंगातली ऊब झपाट्याने ओसरते. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. हात बधिर होतात, पाय अडखळतात, आणि बुद्धीही मंदावते. आपण संकटात आहोत हेच माणसाला उमगत नाही. शेवटी शेवटी तर काही जण उकडते आहे म्हणून अंगावरचे कपडे काढून टाकतात. म्हणजे ऊबदार खोलीत बसून ज्याने हमीपत्रावर सही केली, तो विचारी माणूस डोंगरमाथ्यावर उरलेलाच नसतो. मग त्याने स्वतःच परतायचे ठरवावे, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

म्हणून थंडीतल्या शर्यतीत सावधपणाचे निर्णय आधीच, आणि शुद्धीवर असलेल्यांनी, घेऊन ठेवायचे असतात. गान्सूत वारारोधक जाकीट सक्तीच्या सामानात नव्हते. ते 'असल्यास बरे' अशा यादीत होते. ज्या टप्प्यात बहुतेकांचा घात झाला, तिथे वाहन पोहोचू शकत नव्हते. चौकशीनंतर २७ अधिकाऱ्यांवर कारवाई झाली; पण गेलेले जीव त्याने परत आले नाहीत. त्या दिवशी सहा जणांना वाचवले ते झू कमिंग नावाच्या एका मेंढपाळाने. त्याच्यापाशी गुहेतला निवारा होता, विस्तव होता आणि शाबूत डोके होते.

सक्तीने शर्यतीचा कस उणावतो, असे कोणी म्हणेल. त्याने आल्प्समधील माँ ब्लां पर्वताभोवतीच्या प्रसिद्ध शर्यतीकडे पाहावे. तेथे टोपीचे जलरोधक जाकीट, आपत्कालीन चादर आणि शिट्टी जवळ बाळगणे बंधनकारक आहे. २०१० साली वादळामुळे ती अर्ध्यावर थांबवली गेली. २०१२ साली हिमवृष्टीमुळे मार्ग तोडून आखूड केला गेला. त्या शर्यतीची प्रतिष्ठा तसूभरही घटली नाही. शर्यत थांबवण्याची हिंमत हाच आयोजकाचा खरा पुरुषार्थ होय.

हा प्रश्न परक्यांचा नाही. लडाखमध्ये खारदुंग खिंडीवरून ७२ किलोमीटरची शर्यत होते. २०२३ च्या फेब्रुवारीत पँगाँग सरोवराच्या गोठलेल्या पाठीवर अर्धमॅरेथॉन झाली. इंदूर, बडोदे, बेळगाव येथील आपल्या घरांतली मुले-मुली अशा वाटांकडे ओढली जाणारच, आणि जावीतही. त्यांना अडवू नये. मात्र निरोपाचे दहीसाखर हातावर ठेवताना विचारावे : जाकीट सक्तीचे आहे काय? हवामान बिघडल्यास शर्यत थांबवण्याचा अधिकार कोणाचा? मधल्या टप्प्यात मदत पोहोचणार कशी? या तिन्ही प्रश्नांना उत्तर म्हणून जो आयोजक केवळ हमीपत्र पुढे सरकवतो, त्याच्या शर्यतीला आपले मूल पाठवू नये. काटकपणाचे कौतुक आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो आहोत. पण दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर काटकपणाचे पांघरूण घालणे, याला कौतुक म्हणत नाहीत.