आतल्या खोलीची रेंज



गेल्या महिन्यातली गोष्ट. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा व्यायाम व्हिडिओ कॉलवर चालतो. पलंगाच्या कडेला बसायचं, गुडघा सरळ करायचा आणि ताई सांगतील तोवर पाय तसाच धरायचा. त्या दिवशी फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, "आजी, आता धरून ठेवा," आणि चित्र तिथंच थांबलं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. हात धुऊन आत गेले तर सासूबाई पाय उचलून तशाच बसलेल्या, कपाळावर घाम, आणि फोनमध्ये ताईंचं तोंड अर्धवट उघडलेलं. "अगं, त्या सोडा म्हणेनात की," म्हणाल्या. मला हसू आलं, पण नंतर दिवसभर ते डोक्यातून जाईना.

आमचं घर जुनं आहे. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे सासूबाईंची खोली. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन फूट जाड. उन्हाळ्यात गारवा छान, पण वाय-फायच्या लहरींना अशी एकेक भिंत म्हणजे मोठा अडथळा. पावसाळ्यात तर आणखी. ओल धरलेली भिंत लहरी जास्त शोषून घेते. नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये, सिमेंटच्या भिंतीतल्या सळ्या तेच काम करतात.

आणि राउटर कुठे? सोप्यात, टीव्हीच्या मागे, शोकेसच्या खालच्या कप्प्यात. का? तर खांबावरची वायर तिथून आत आली म्हणून. बसवायला आलेल्या मुलानं विचारलं, "कुठं लावू?" हे म्हणाले, "टीव्हीजवळ लाव." दहा मिनिटांत काम संपलं. तेव्हा मी तिथंच चहा घेऊन उभी होते, पण मला कोणी विचारलं नाही आणि मलाही बोलायचं सुचलं नाही. सासूबाईंना विचारण्याचा तर प्रश्नच आला नाही. म्हातारीला कशाला लागतं नेट!

म्हणून माझं मत आज स्पष्ट लिहिते. बहुतेक घरांत वाय-फाय कमी पडत नाही, ते चुकीच्या माणसाच्या सोयीनं बसवलेलं असतं. घरातलं सगळ्यात मोठं नेट टीव्हीच्या मागे आणि सगळ्यात अडलेलं माणूस मागच्या खोलीत, ही मांडणी आधी बदलावी. पैसे नंतर खर्च करावेत.

आमच्याकडे उलटंच सुरू झालं. "प्लॅन वाढवू या, शंभरचा दोनशे करू," असं ठरत होतं. मी म्हटलं, थांबा, आधी मोजू या. फोन घेऊन राउटरजवळ उभी राहिले, वेग मोजला, ९४ आला. आतल्या खोलीत मोजला तर कधी ३, कधी २, कधी मोजणीच पुरी होईना. म्हणजे टाकीत पाणी भरपूर आहे, मागच्या नळाला येत नाही. अशा वेळी टाकी मोठी करून काय होणार? व्हिडिओ कॉलला खरं तर दोन-तीन एमबीपीएस पुरतात, पण ते सलग मिळायला हवेत. मध्येच तुटले की पाय वरच राहतो. एवढी एक मोजणी तुम्ही केलीत तरी पुष्कळ पैसे वाचतील. राउटरजवळच वेग कमी असेल तर कंपनीशी बोला. तिथे चांगला आणि खोलीत वाईट असेल तर दोष घराच्या मांडणीत आहे.

मग मांडणी बघायला लागले तर एकेक गंमत. राउटरच्या पुढे टीव्हीचा पत्रा, शेजारी पितळी समई आणि डब्यांची रांग. माजघरात नेमकं मधोमध लोखंडी कपाट, त्याला पुरुषभर उंचीचा आरसा. पत्रा लहरींना अडवतो आणि आरशाच्या मागचा धातूचा लेपही त्यांना परतवतो. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह, तो तर साधारण २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरींवर चालतो, म्हणजे सुरू असेल तेव्हा खुसखुस करणारच. राउटर शोकेसमधून काढून माजघराच्या दाराशी, डोक्याच्या उंचीवर फळीवर ठेवला. फायबरची वायर तेवढी लांब होती, नशीब. ती आत काचेची असते, घडी घालून किंवा खिळ्याला पीळ देऊन कोंबू नका. अँटेना सरळ उभ्या केल्या, कारण उभ्या अँटेनातून लहरी आडव्या पसरतात. ज्यांना माडीवर रेंज हवी त्यांनी एक अँटेना आडवी करून बघावी. कपाट भिंतीच्या कोपऱ्यात सरकवलं.

आतल्या खोलीत वेग ११ झाला. एक रुपया न घालता.

आणखी एक बारीक गोष्ट सापडली. आमच्या राउटरची दोन नावं फोनवर दिसतात, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं. सासूबाईंचा फोन त्याला चिकटून बसलेला. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंती ओलांडायला तो नाजूक. २.४ चा वेग कमी, पण तो भिंतीतून बराच आत जातो. मागच्या खोलीत साधं नावच निवडायचं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर!

आता माझी चूकही सांगते, नाहीतर मी फार शहाणी वाटेन. हे सगळं करण्याआधीच मी रिपीटर आणला होता. दुकानदारानं सांगितलं, "जिथं रेंज नाही तिथं लावा." मी सासूबाईंच्या उशाशी लावला. फोनवर रेंजच्या काड्या भरपूर दिसायला लागल्या, मी आनंदात, आणि कॉल पूर्वीसारखाच अडकला. कारण सोपं आहे. रिपीटर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. त्यालाच पुटपुटल्यासारखं ऐकू येत असेल तर तो पुटपुटणंच मोठ्यानं सांगणार. तो लावायचा तर वाटेत, जिथं रेंज अजून बरी आहे तिथं. तरी साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. माझा आता ताईच्या फ्लॅटमध्ये आहे, तिथे पातळ भिंतीत बरा चालतो.

खरा उपाय वायरीचाच निघाला. ताईचा मुलगा सुट्टीत आला होता, त्याला बसवलं. पंचवीस मीटर कॅट सिक्स केबल आणली. ती तुळईच्या कडेनं, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून नेली, भिंतीला भोक न पाडता. विजेच्या वायरीला चिकटवून न्यायची नाही, एवढं पथ्य पाळलं. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आपल्या घरांना भरपूर झाली. नवीन राउटर मात्र घेतला नाही. आधीच्या कंपनीच्या काळात आम्हीच विकत घेतलेला राउटर माळ्यावर पडून होता, तोच काढला. घरात वस्तू वाढवायच्या नाहीत असं आपण प्रवचन ऐकताना मान डोलवतो, मग माळ्यावर तीन राउटर कशाला? जुन्या राउटरचा पत्ता बदलला, त्यातलं डीएचसीपी बंद केलं, नाहीतर दोन्ही राउटर फोनला पत्ते वाटायला लागतात आणि गोंधळ होतो. केबल त्याच्या लॅनच्या खाचेत लावली. नाव आणि पासवर्ड पुढच्या राउटरचाच दिला. २.४ साठी एकाला १ नंबरचं चॅनेल, दुसऱ्याला ११, म्हणजे एकमेकांत मिसळत नाहीत. मुलाला अर्धा तास लागला, त्यातला निम्मा जुना पासवर्ड शोधण्यात गेला. आतल्या खोलीत आता ७० च्या वर वेग असतो. खर्च केबलचा आणि मुलाला दिलेल्या आइस्क्रीमचा.

हे एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "बरंच आहे ना खोलीत रेंज नव्हती ते. झोपायच्या खोलीत नेट हवंच कशाला? आमच्या मुलांच्या खोलीत मी मुद्दाम नीट करून घेत नाही." मला हे पटत नाही. मुलांनी रात्री फोन बघू नये हे मान्य. त्यासाठी रात्री दहाला राउटर बंद करा, फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायला लावा, त्यांच्याशी बोला. पण कमकुवत रेंज म्हणजे शिस्त नव्हे. मुलं रेंज शोधत गच्चीवर जातात, शेजाऱ्यांचा पासवर्ड मिळवतात. जे उठून जाऊ शकत नाही ते माणूसच खोलीत अडकतं. खोलीतून ऑफिसचं काम करणारी सून, बाळंतीण लेक, पाय धरून बसलेली सासू. त्यांच्यासाठी ती खोली झोपायची नसते, दिवसभराचं घर तेवढंच असतं. चातुर्मासात सासूबाईंना देवळात जाता आलं नाही, तेव्हा महाराजांचं प्रवचन त्यांनी त्या खोलीत तुकड्यातुकड्यानं ऐकलं. एक वाक्य कळायचं, दोन फिरत्या गोलात जायची. त्या कधी तक्रार करत नाहीत, म्हणून मला वर्षभर कळलंही नाही.

आमच्या ह्यांना विचाराल तर टीव्ही आता कधीमधी अडखळतो असं म्हणतात. अडखळत असेल. टीव्हीलाही एक छोटी केबल लावून देईन म्हटलंय.

राहिलं एकच. आमच्याकडे वीज गेली की दोन्ही राउटर बंद पडतात. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा बॅकअप मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्यायचे, पिन बसते का तेही. पावसाळ्याच्या आधी दोन आणायचे आहेत. सासूबाईंनी आधीच बजावलंय, पहिला मागच्या खोलीत लागेल.