किराया विचारताना आवाज का बसतो?

अमरावती-अकोल्याची मुलं-मुली शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईला जातात, तेव्हा पहिली परीक्षा खोली मिळवण्याची असते. एजंट इंग्रजीत बोलू लागला की आपला तरुण एक तर थेट ‘हाऊ मच?’ म्हणतो, नाही तर पैशाचं विचारायचंच टाळतो. मग डिपॉझिटचा आकडा सही करताना कळतो.

खरं तर नम्रपणे विचारायची रीत त्याच्या घरातच आहे. वऱ्हाडात ‘किती घेता?’ पेक्षा ‘किराया किती पडेल?’ हे बरं वाटतं. घरी उर्दू बोलणारेही ‘किराया कितना होगा?’ असंच विचारतात. समोरच्याच्या घेण्यावर बोट न ठेवता रकमेबद्दल विचारायचं, एवढंच. ‘कुड यू टेल मी व्हॉट द मंथली रेंट वूड बी?’ हे त्याचंच इंग्रजी भावंड. पुढे ‘डज दॅट इन्क्लूड मेंटेनन्स?’ आणि ‘व्हेन इज द डिपॉझिट रिटर्न्ड?’ हेही विचारलंच पाहिजे, आणि शक्यतो मेसेजवर, म्हणजे उत्तर लेखी राहतं. ‘सॉरी टू डिस्टर्ब’ मात्र नको. खोली मागणं म्हणजे कुणाला त्रास देणं नव्हे.

‘विल द अ‍ॅग्रीमेंट बी रजिस्टर्ड?’ हाही उद्धट प्रश्न नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अवघड भाग पुढे आहे. किराया पटतो, बोलणं गोड होतं, आणि मग विचारलं जातं, ‘युवर गुड नेम?’ नाव ऐकलं की खोली ‘आत्ताच गेली’ असते. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सर्वाधिक नकार मुस्लिम इच्छुकांच्या वाट्याला आले होते. संविधानाचं कलम १५(१) धर्मावरून भेदभाव करायला राज्यसंस्थेला मनाई करतं, पण खासगी घरमालकाला ते थेट बांधत नाही. ही उणीव विधिमंडळानं भरायची आहे, इंग्रजी संभाषणाच्या वर्गानं नव्हे.

टोपणनाव सांगून काम भागवा, असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. पूर्ण नाव पहिल्याच मेसेजमध्ये लिहावं. नकार द्यायचाच असेल, तर तो बडनेऱ्याहून गाडी पकडण्याआधी आलेला बरा.